नागपुरात बसून बाहेरगावची नोकरी : खर्च किती, हातात किती

घरून करायच्या नोकरीचा हिशेब मांडायला बसलात की वहीतला एक रकाना आधीच शून्य लिहून बंद करा : नोकरी देणाऱ्याला किंवा मिळवून देणाऱ्याला द्यायचे पैसे. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंग फी, पडताळणीचा खर्च, नाव काहीही असो. बाकीचे रकाने मात्र रिकामे ठेवून चालत नाही. इंटरनेट, वीज, खुर्ची, शोधात जाणारे महिने, कर, विमा या सगळ्याला पैसा लागतो. तो किती लागतो हे आधी पाहिले नाही, तर चांगली चालून आलेली नोकरीही तोट्याची ठरते. पुढचे आकडे नागपुरातले आणि अंदाजाचे आहेत. भाव दुकानागणिक थोडे हलतील, प्रमाण फारसे बदलणार नाही.

आधी बाजाराची स्थिती. मार्च २०२० मध्ये पुण्या-बंगळुरूहून बॅगा भरून घरी आलेल्या मुलांनी मनीषनगर, बेसा, नंदनवनच्या घरांतून वर्ष-दोन वर्षे सहज काम केले. त्याच काळात, ५ नोव्हेंबर २०२० रोजी, दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांवरची नोंदणीची अट काढून टाकली. जुन्या नियमांत अशा कंपनीला कर्मचारी घरून बसवायचा म्हणजे बँक हमीपासून सुरुवात होती. मग वारे फिरले. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावले, इतर मोठ्या कंपन्यांनीही हजेरीचे दिवस वाढवत नेले. त्यामुळे मोठ्या आयटी कंपनीत पूर्णवेळ घरून काम ही आज अपवादाची गोष्ट आहे, आणि तिच्या भरवशावर मिहानमधली हातातली नोकरी सोडू नये.

जागा आहेत त्या दुसरीकडे आहेत. स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या लहान-मध्यम कंपन्यांत, परदेशी कंपन्यांच्या कंत्राटांत, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या सीए फर्मना लागणाऱ्या हिशेबाच्या कामात, ग्राहकसेवेत, मेडिकल कोडिंगमध्ये, इंग्रजी-मराठी-हिंदी भाषांतरात. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना हे कमी ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो : क्विकबुक्स आणि झीरो या परदेशी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रे त्या कंपन्या स्वतःच फुकट देतात. टॅलीवर दोन-तीन वर्षे हात बसलेल्या माणसाला ती अवघड नाहीत.

पुण्याचे साठ, नागपूरचे पंचेचाळीस

पहिला प्रश्न पगाराचा. पुण्यात हातात ६०,००० मिळत असतील आणि घरून काम देणारी कंपनी ४५,००० म्हणत असेल तर घ्यावे का? नुसते "घरचं जेवण, भाडं नाही" एवढ्यावर हो म्हणू नका, कागदावर मांडा.

वाकड-हिंजवडीकडे मित्रांबरोबर टूबीएचकेत राहणाऱ्या एकट्या मुलाचे भाडे आणि मेंटेनन्स धरून ९ ते १० हजार जातात. दोन वेळचा डबा साडेचार-पाच हजार. चहा-नाश्ता आणि बाहेरचे खाणे ३ हजार, पेट्रोल अडीच हजार. वर्षातून चार-पाचदा नागपूर गाठायचे, त्याचे महिन्याला दीड हजार धरा. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाडे काय होते ते सांगायला नको. एकूण २२ हजारांच्या आसपास. शिल्लक ३८ हजार. नागपुरात आईवडिलांकडे राहून घरखर्चाला ८ हजार दिले आणि कामाच्या सोयीवर ३ हजार गेले, तर ४५ मधून उरतात ३४. म्हणजे एकट्या मुलासाठी बरोबरीचा आकडा ४९ हजार आहे, ४५ वर हो म्हटलेत तर महिन्याला ४ हजारांची किंमत देऊन तुम्ही घरी राहता आहात. ती किंमत देण्यासारखी असू शकते. वडिलांचे आजारपण असेल, अभ्यास चालू असेल, तर नक्कीच. फक्त ती माहीत असून द्या.

संसार असेल तर चित्र उलटते. दोघांना पुण्यात टूबीएचके घ्यायचा तर २२ ते २५ हजार भाडे आणि वर दोन-तीन महिन्यांची अनामत; तशीच जागा मनीषनगर-बेसा भागात ११ ते १४ हजारांत मिळते. इथे ४५ हजार पुण्याच्या ६० ला जवळपास गाठतात. मुलाची शाळा आणि सांभाळायला आजी-आजोबा जवळ असतील तर त्याहून कमीही परवडते.

एक सूचना. "लोकेशननुसार पगार" असे धोरण सांगून कंपनी आकडा खाली आणते, तेव्हा घासाघीस पगारावर अडली तर सोयींवर करा. इंटरनेटचा भत्ता, लॅपटॉप, खुर्ची आणि टेबलासाठी एकदाच मिळणारी रक्कम, तिमाही बैठकीच्या प्रवासाचा खर्च. एचआरला पगाराच्या रकमेत हजार वाढवणे जड जाते, भत्त्याच्या रकान्यात तेच हजार लवकर मंजूर होतात.

घरातली मांडणी

१०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन ७०० ते ८०० रुपयांत येते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ८२५ ते ९४५. जाहिरातीत जीएसटी वगळून दाखवतात, हिशेबात तो धरा. याहून मोठा प्लॅन एकट्याच्या कामाला लागत नाही. लागतो तो दुसरा रस्ता : फायबर ज्या कंपनीचे आहे तिच्याव्यतिरिक्त दुसऱ्या कंपनीचे सिम, हॉटस्पॉटपुरते, महिन्याला ३५० च्या आसपास. रस्ता खोदताना केबल तुटते तेव्हा पूर्ण गल्लीचे नेट जाते आणि दुरुस्तीला दिवस लागतो. मुलाखतीच्या दिवशी हे झाले तर समोरचा माणूस पुन्हा वेळ देईलच असे नाही.

वीज जाते ती मे महिन्यात लोड वाढल्यावर आणि जूनच्या पहिल्या वादळात. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. त्यासाठी १,२०० ते २,००० रुपयांत छोटा राउटर यूपीएस मिळतो आणि तो तीन-चार तास काढतो. सगळ्या खरेदीत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त उपयोग याचा होतो. इन्व्हर्टर-बॅटरीला २० ते २५ हजार लागतात, तो पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. दोन-तीन पगार झाले की घ्या.

नागपूरच्या माणसाला खरा प्रश्न उन्हाळ्याचा. पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरशिवाय दुपारी खोलीत बसता येत नाही, आणि कूलरचा पंखा पूर्ण वेगाने चालू असेल तर तुमच्या आवाजापेक्षा त्याचाच घरघराट पलीकडे ऐकू जातो. मीट, झूम, टीम्स यांच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा आवाज कमी करायची सोय असते, ती आधी चालू करा. त्यानंतर तोंडाजवळ माइक येणारा वायरचा हेडफोन घ्या, दीड ते अडीच हजारांत चांगला येतो. कानात घालायच्या ब्लूटूथच्या गोळ्या या कामाला कमी पडतात, कारण त्यांचा माइक तोंडापासून दूर असतो. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवून हवा आत घेतली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

एसी लावायचा असेल तर बिल पाहून लावा. मोठा कूलर तासाला साधारण ०.२ युनिट घेतो, दीड टनाचा एसी १ युनिटच्या आसपास. रोज ९ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर कूलरचे ४७ युनिट होतात आणि एसीचे २३४. घरचा नेहमीचा वापर त्यात मिळवला की एसीवाले घर महावितरणच्या ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जाते, तिथे दर चढतो. कूलरला महिन्याला ५०० ते ६००, एसीला अडीच ते तीन हजार असा फरक पडतो.

खुर्ची ६ ते ८ हजारांची घ्या. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर दोन महिने बसून झाल्यावर कंबरेचे जे होते, त्याला फिजिओथेरपीचे याहून जास्त जातात. लॅपटॉप कंपनी देणार नसेल तर नवा ५० ते ६० हजार, वर्षाच्या वॉरंटीचा रिफर्बिश्ड २२ ते २८ हजार. घरात खोली नसेल तर कोवर्किंगमध्ये एक जागा साडेचार ते सात हजारांत मिळते. गल्लोगल्ली असलेल्या अभ्यासिका ७०० ते १,२०० घेतात, पण तिथे बोलता येत नाही. लिहायचे किंवा कोडिंगचे काम असेल तरच त्या उपयोगाच्या.

थोडक्यात, लॅपटॉप असलेल्या माणसाला सुरुवातीला १० ते १२ हजार आणि मग महिन्याला उन्हाळ्यात १,८०० ते ४,२००.

शोध : पैसा कमी, महिने जास्त

शोधाला पैसा फार लागत नाही, महिने लागतात. हातात नोकरी नसेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय या वाटेला लागू नका. तो नसला की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माणूस पहिला मिळेल त्या करारावर सही करतो, आणि फसवणारे नेमके अशाच माणसाला शोधत असतात.

लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, वेलफाउंड, कटशॉर्ट, इन्स्टाहायर या ठिकाणी अर्ज करायला पैसे पडत नाहीत. परदेशी कामांसाठी वी वर्क रिमोटली आणि रिमोट ओके पाहा, पण तिथल्या जाहिरातीत "रिमोट" शब्दापुढे देश लिहिलेला असतो तो आधी वाचा. "फक्त अमेरिका" असेल तर अर्ज करू नका, वेळ जातो. गिटलॅब, ऑटोमॅटिक, झॅपिअर, कॅनॉनिकल या कंपन्या पहिल्यापासून किंवा जवळजवळ पूर्णपणे घरून चालतात. गिटलॅबचे कामाच्या पद्धतीचे हँडबुक सर्वांना वाचायला खुले आहे. ते चार संध्याकाळी वाचा. अशा ठिकाणी बैठकीपेक्षा लेखी संवादावर काम चालते, आणि अर्जातली तुमची चार वाक्ये हीच पहिली परीक्षा असते, हे त्यातून नीट कळते.

रेझ्युमे लिहून देणारे दोन ते पाच हजार घेतात. माझे मत स्पष्ट आहे : देऊ नका. त्यांना तुमचे काम माहीत नसते, त्यामुळे ते विशेषणे भरतात. हिंगण्यातल्या एखाद्या कारखान्यात हिशेब पाहणारी मुलगी लिहिते, "जीएसटी आणि बँक रिकन्सिलिएशनची जबाबदारी सांभाळली." वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तिनेच लिहिले, "दोन वर्षे १४ पुरवठादारांची खाती आणि दोन बँका, महिनाअखेर चौथ्या दिवशी बंद, एकही जीएसटी विवरण उशिरा नाही," की काम दिसते. आकडा खरा हवा, मोठा नसला तरी चालतो. घरून काम देणाऱ्याला तुम्ही समोर दिसणार नसता. न सांगता काम वेळेवर होईल का, एवढीच त्याची शंका असते, आणि रेझ्युमेतली प्रत्येक ओळ तिचे उत्तर म्हणून लिहावी.

कामाचा पुरावा दाखवता आला तर फारच चांगले. प्रोग्रामरला गिटहबवर एखादा पूर्ण झालेला लहान प्रकल्प; भाषांतर करणाऱ्याला एकाच मजकुराचे मूळ आणि भाषांतर, दोन पाने; हिशेबवाल्याला काल्पनिक दुकानाचे तीन महिन्यांचे पुस्तक क्विकबुक्समध्ये. याला फी लागत नाही, आठ-दहा रविवार लागतात. प्रमाणपत्र हवेच असेल तर एनपीटीईएलचे अभ्यासक्रम फुकट आहेत आणि परीक्षेचे शुल्क विषयाला १,००० रुपये आहे.

याच्या पलीकडे "१०० टक्के प्लेसमेंट" म्हणत लाख-सव्वा लाख घेणारे क्लासेस आहेत. फी हप्त्याने भरा म्हणतात तेव्हा ते बहुधा तुमच्या नावावरचे कर्ज असते, देणारी वित्तकंपनी वेगळी असते. क्लास बंद पडला, शिकवणे आवडले नाही, नोकरी लागली नाही, तरी हप्ता थांबत नाही आणि चुकला की सिबिल खराब होते. सहीच्या कागदावर "लोन" हा शब्द आणि वित्तकंपनीचे नाव शोधा. सापडले तर घरी आणून दोघांना वाचायला दिल्याशिवाय सही करू नका. तसेच अनुभवाची खोटी पत्रे विकणारेही भेटतील. पीएफच्या यूएएनवर तुमच्या नोकऱ्यांचा इतिहास तारखांसकट दिसतो. पडताळणीत ते उघडे पडते आणि लागलेली नोकरी जाते.

मुलाखतीत कामाची चाचणी देतात. तास-दोन तासांची चाचणी फुकट करणे ठीक. दोन-तीन दिवसांचे, त्यांना प्रत्यक्ष वापरता येईल असे काम सांगितले तर मोबदला विचारा. ऑटोमॅटिकसारखी कंपनी चाचणीच्या कामाचे तासावर पैसे देते, तेव्हा विचारण्यात संकोच नको.

वेळेचा हिशेबही पगाराइतकाच महत्त्वाचा. लंडनची नऊ ते पाच ही वेळ आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेनऊ, हिवाळ्यात अडीच ते साडेदहा. न्यूयॉर्कची संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच, हिवाळ्यात आणखी एक तास पुढे. सिडनीची पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा. आपल्या थंडीत त्यांचे घड्याळ तासभर पुढे सरकते, तेव्हा साडेतीनपासून. नागपूरच्या उन्हाळ्यात ही सिडनीची पाळी सोसते, कारण ऊन चढायच्या आत काम संपते. अमेरिकेची रात्रपाळी घ्यायची तर पूर्ण आठ तास त्यांच्या वेळेत हवेत की रोज तीन-चार तासांचा मेळ पुरेल, हे मुलाखतीतच विचारा. लहान मूल असलेल्या घरात हा फरक पाच-दहा हजारांपेक्षा मोठा असतो.

जिथे पैसे जातात आणि नोकरी येत नाही

फसवणुकीचे तीन-चारच साचे आहेत, ते ओळखले की पुरे.

पहिला, लॅपटॉपचा. व्हॉट्सॲपवर मुलाखत होते, तासाभरात ऑफर लेटर येते, नामांकित कंपनीचा लोगो असतो. मग "लॅपटॉप कुरिअरने निघाला आहे, परत मिळणारी ६,५०० अनामत भरा." खरी कंपनी लॅपटॉपसाठी पैसे मागत नाही. मेल कोणत्या पत्त्यावरून आला ते पाहा. जीमेलवरून आलेले ऑफर लेटर तिथेच सोडून द्या. भारतीय कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून ती अस्तित्वात आहे का हे पाहता येते. नाव खरे निघाले तरी त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या एचआरच्या पत्त्यावर एक मेल टाकून ऑफरची खातरजमा करा.

दुसरा साचा टास्कचा. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. त्या पैशाने विश्वास विकत घेतलेला असतो. नंतर टेलिग्रामच्या गटात "प्रीपेड टास्क" येतो : हजार भरा, तेराशे मिळवा, मग पाच हजार, मग पन्नास, आणि काढायला गेलात की "कर भरा, मग निघतील." काम करण्यासाठी कामगाराने पैसे भरायचे असतील तर ते काम नाही.

तिसरा डेटा एन्ट्रीचा, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण यात गृहिणी आणि कॉलेजच्या मुली सापडतात. अनामत मागत नाहीत, त्यामुळे संशय येत नाही. ऑनलाइन करारावर सही आणि आधारची प्रत घेतात. पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायला देतात, ९० टक्के अचूकतेची अट असते, आणि तपासणीत कोणीच पास होत नाही. मग फोन सुरू होतात : करार मोडला, पोर्टलचे साडेपाच हजार भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस. मागोमाग वकिलाच्या लेटरहेडवरचा पीडीएफ येतो. घरात सांगायची लाज वाटते म्हणून मुली गुपचूप पैसे भरतात, आणि एकदा भरले की पुढची मागणी येते. घाबरू नका. न्यायालयाचे समन्स न्यायालयाकडून येते, "आज चारच्या आत यूपीआय करा" म्हणणाऱ्याकडून येत नाही. पैसे भरू नका, फोनवर वाद घालू नका, सगळे मेसेज आणि नंबर जपून ठेवा आणि तक्रार करा. घरच्यांनीही आधी रागावू नये. मुलीने सांगितले म्हणूनच पैसे वाचतात.

चौथा धोका सर्वांत गंभीर. "तुमचे बँक खाते वापरायला द्या, व्यवहारामागे कमिशन." यात दुसऱ्यांचे लुटलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरतात. खाते गोठते आणि आरोपी म्हणून पोलिसांच्या नोंदीत नाव तुमचे येते.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. या राष्ट्रीय हेल्पलाइनचा उपयोग पहिल्या तासांत जास्त होतो, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, आणि बँकेला लेखी कळवणे. शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यातही जाता येते. यातल्या कशालाच फी नाही.

कंत्राटी लाखाचे किती

परदेशी कंपनी दोन प्रकारे घेते. एक, डील किंवा रिमोट यांसारख्या मधल्या कंपनीमार्फत भारतात पगारी कर्मचारी म्हणून; त्या मध्यस्थाचे शुल्क कंपनी भरते, तुम्हाला पीएफ, रजा, पगारपत्रक मिळते. दोन, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून. महिन्याला तुम्ही बिल पाठवता, ते पैसे पाठवतात. दुसऱ्या प्रकारात आकडा मोठा दिसतो, म्हणून तो उलगडून पाहू.

महिन्याला १ लाख ठरले. पगारी नोकरीत ५० हजार मूळ पगारावर कंपनीचा पीएफ ६,००० असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे २,४००, वर्षाच्या २४ भरपगारी रजा महिन्याला ८,००० च्या आसपास पडतात, आरोग्यविमा दीड-दोन हजार. हे मिळून १८ हजार आता तुमचे तुम्ही उभे करायचे. म्हणजे कंत्राटाचा लाख हा पगारी नोकरीच्या ८२ हजारांच्या ग्रॉस पगाराबरोबर तोलावा, लाखाबरोबर नाही. नोटीस पिरियड पंधरा दिवसांचा असेल तर आणखी खाली.

पैसे कशातून येतात यावरही गळती ठरते. पेपलवर शुल्क आणि चलनबदलाचा फरक मिळून शेकडा सात-आठ जातात, लाखावर ७ ते ८ हजार. थेट बँकेत किंवा वाइजसारख्या सेवेतून आले तर बरेच कमी. अपवर्क प्रत्येक कंत्राटानुसार शून्य ते १५ टक्के कापते, फाइव्हर २० टक्के. दर ठरवताना हे वरून लावून ठरवा. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचे बँकेकडून मिळणारे पत्र जपा, पुढे जीएसटी आणि प्राप्तिकर दोन्हीकडे लागते.

कर मात्र वाटतो तेवढा जड नाही. सॉफ्टवेअर, अकाउंटिंग, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना ४४एडीए ही तरतूद लागू होते : जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरायचा, खर्चाच्या पावत्या ठेवायची सक्ती नाही. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. वर्षाला १२ लाख आले तर उत्पन्न ६ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून इथे कर लागत नाही. विवरणपत्र मात्र भरायचेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला जुना आणि नवा दोन्ही क्रमांक विचारा. कॉल सेंटर किंवा डेटा एन्ट्रीचे काम या यादीत बसत नाही, त्यांनी स्वतःहून ४४एडीए लावू नये. नागपुरात साध्या विवरणपत्राचे सीए अडीच ते पाच हजार घेतात. ४४एडीए लावणाऱ्याला कर लागणार असेल तर पूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, नाहीतर व्याज पडते. भारतीय ग्राहकाने बिलातून टीडीएस कापला असेल तर तो खात्यावर दिसतो का ते वर्षातून दोनदा तरी तपासा.

जीएसटीची नोंदणी वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की करावी लागते. परदेशी ग्राहकाचे पैसेही या २० लाखांत मोजले जातात. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. परदेशात दिलेल्या सेवेवर कर न भरता बिल करायला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावे लागते, तेही पोर्टलवर फुकट, दरवर्षी नव्याने. एजंट यासाठी दीड-तीन हजार मागतात, ते त्यांच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नाहीत, एवढे लक्षात ठेवून द्या. महाराष्ट्राचा व्यवसाय कर मात्र विसरतात : पगारदाराचा कंपनी कापते, कंत्राटदाराने स्वतः नोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे असतात, मुदत ३० जून.

आरोग्यविमा पहिल्याच महिन्यात घ्या. तिशीतल्या माणसाला ५ ते १० लाखांच्या संरक्षणाला वर्षाला ८ ते १२ हजार लागतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. आधीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, तो आजच सुरू झालेला बरा.

सहीच्या आधी

भारतीय कंपनी असेल तर नियुक्तिपत्र मागा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. त्यात "कामाचे ठिकाण" हा रकाना बोटाने शोधा. तिथे पुणे किंवा बंगळुरू लिहिले असेल आणि मेलमध्ये "सध्या रिमोट" असेल, तर ती घरून करायची नोकरी नाही. तीन महिन्यांच्या सूचनेवर बोलावणे येऊ शकते. "नागपूर, निवासस्थानावरून" असे लिहून द्यायला सांगा. नकार आला तरी चालेल, निदान मनीषनगरच्या फ्लॅटचा ११ महिन्यांचा करार करायच्या आधी तो कळतो.

नोटीस किती दिवसांची आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते पाहा. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेत असतील तर देऊ नका, प्रती द्या. दुसरे काम करायला मनाई आहे का तेही वाचा, कारण अनेकजण संध्याकाळी शिकवणी घेतात आणि त्यावरून पुढे अडचण येते. कंत्राट असेल तर बिल पाठवल्यापासून किती दिवसांत पैसे, आणि उशीर झाल्यास काय, हे लिहिलेले हवे. पहिली दोन बिले पंधरा-पंधरा दिवसांची ठेवा, म्हणजे बुडाले तरी पूर्ण महिना बुडत नाही. लॅपटॉप त्यांनी दिला तर तो आला त्या दिवशी खोक्यासकट फोटो काढून मेल करा, आणि नोकरी सोडताना परतीच्या कुरिअरचा व विम्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.